सहसंबंध, संमिश्र संकेतांचा

संमिश्र (जुन्या लेखनात ‘सदसत्’) संख्यांच्या दोन श्रेणी एकमेकींशी किती मिळतात व त्यांच्या कलांत किती अंतर आहे, हे एकाच संख्येत सांगणारे माप. वास्तव श्रेणींसाठी उत्तर −१ ते १ यांमध्ये येते. येथे उत्तरच संमिश्र असते. त्याचा मापांक ० ते १, आणि कोन म्हणजे कलांतर.

गणन : प्रत्येक श्रेणीतून तिची सरासरी वजा करतात. मग एकीची पदे दुसरीच्या संयुग्मी पदांनी गुणून बेरीज घेतात आणि तिला दोन्हींच्या मापांकवर्गांच्या बेरजांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागतात. संयुग्मी घेणे ऐच्छिक नाही. १, आय, −१, −आय ही श्रेणी घ्या (आय म्हणजे −१ चे वर्गमूळ). तिच्या पदांच्या साध्या वर्गांची बेरीज शून्य, म्हणजे श्रेणीचा स्वतःशीच संबंध नाही असा निष्कर्ष निघेल! संयुग्मीने गुणल्यास बेरीज ४ येते. हीच श्रेणी सर्वत्र ‘आय’ने गुणून मूळ श्रेणीशी ताडल्यास मापांक १ व कोन ९० अंश येतो, फक्त वास्तव भाग पाहणाऱ्याला मात्र शून्यच दिसते.

संगणक-प्रणाली : संयुग्मी कोणाचे घ्यायचे यावर एकमत नाही. नमपायच्या सहप्रचरण व सहसंबंध या दोन्ही फलनांत ते दुसऱ्या श्रेणीचे असते. मॅटलॅबच्या ‘एक्सकॉर’ या सहसंबंध-फलनामध्येही दुसऱ्या श्रेणीचे, पण त्याच मॅटलॅबच्या ‘कोव्ह’ या सहप्रचरण-फलनामध्ये पहिलीचे. मापांक दोन्हीकडे तोच. कोनाचे चिन्ह उलटते. नमपायची पूर्वज ‘न्युमेरिक’ तर सहसंबंधात संयुग्मी घेतच नसे.

खोडद : पुण्याजवळच्या आकुर्डीहून चाकणमार्गे नाशिक रस्त्याने गेल्यास नारायणगावजवळच्या खोडद येथे या गणनाचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण भेटते, ते गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभे राहिलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये (जीएमआरटी). ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी सुमारे १ किमी परिसरात, उरलेल्या १६ तीन भुजांवर. सर्वांत दूरच्या दोघींत सुमारे २५ किमी. जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडीचा सहसंबंध प्रत्येक वारंवारता-पट्टीत वेगळा काढावा लागतो. आधी प्रत्येक तबकडीच्या संकेताचे फूरिये रूपांतर, मग जोडीजोडीचा संयुग्मी गुणाकार, मग काळाच्या ओघात बेरीज, असा क्रम. एखाद्या तबकडीपर्यंत लहर उशिरा पोचते तो विलंब आधी भरून काढावा लागतो, नाहीतर बेरजेत कला पुसली जाते. सुरुवातीला हे काम खास बांधलेली यंत्रणा करी. २०१० च्या सुमारास संगणकसमूहावरील प्रणाली आली आणि पुढे ४०० मेगाहर्ट्झ रुंदीसाठी एफपीजीए व जीपीयूंची जोडयंत्रणा. मापांक उद्गमाची तीव्रता व आकार सांगतो, तर कोन त्याची आकाशातील जागा. संयुग्मीची बाजू चुकली तर चित्र पुसट होत नाही. ते केंद्राभोवती १८० अंशांत फिरते, म्हणून चूक सहज लक्षात येत नाही.

वाहन-चाचणी : आकुर्डी–चाकण पट्ट्यातील वाहनउद्योगाला ओळखीचा उपयोग म्हणजे दोन कंपनमापकांच्या नोंदींची सुसंगती, म्हणजे प्रत्येक वारंवारतेवरील सहसंबंधाचा मापांक. ती अनेक तुकड्यांची सरासरी घेऊनच काढावी. एकाच तुकड्यावर ती नेहमी १ येते.