क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी

संकेतस्थळे चालविणाऱ्या आज्ञावलींत आढळणारी एक सुरक्षाविषयक उणीव. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सीएसआरएफ’ असेही म्हणतात. एखादी व्यक्ती एका संकेतस्थळावर आपली ओळख पटवून आत गेलेली असताना, दुसऱ्याच स्थळावरील पृष्ठ तिच्या ब्राउझरकरवी पहिल्या स्थळाकडे विनंती धाडते. ही विनंती त्या व्यक्तीच्या नावावर नोंदली जाते. परंतु तिच्यामागे त्या व्यक्तीची इच्छा नसते. हल्लेखोराला परवलीचा शब्द चोरावा लागत नाही. सर्व्हरचे उत्तरही त्याला सामान्यतः दिसत नाही. विनंती अंमलात आली, की त्याचा हेतू साध्य होतो. अशा रीतीने पत्ता किंवा परवलीचा शब्द बदलणे, नोंदी पुसणे, नवा व्यवस्थापक नेमणे यांसारखी कृत्ये घडवून आणता येतात. ही उणीव केवळ आज्ञावलीकारांच्या निष्काळजीपणातून उद्‍भवलेली नाही; तिचे मूळ वेबच्या रचनेतच आहे.

पूर्वपीठिका : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. तीतील संदेशवहनाच्या पद्धतीत प्रत्येक विनंती स्वतंत्र असे. आधीच्या विनंतीचे स्मरण सर्व्हरला राहत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ‘कुकी’ची योजना केली. कुकी म्हणजे सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवावयास दिलेली लहानशी नोंद होय. त्या स्थळाकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत ब्राउझर ती आपणहून जोडीत असे. विनंती त्याच स्थळाच्या पृष्ठावरून निघाली की परक्या पृष्ठावरून, हे मुळात पाहिले जात नसे. परस्थळाचे चित्र आपल्या पृष्ठावर दाखविण्याची व आपल्या पृष्ठावरील अर्ज परस्थळाकडे पाठविण्याची मुभा वेबमध्ये आरंभापासून होती. पुढे एका स्थळाच्या आज्ञावलीने दुसऱ्या स्थळाचा मजकूर वाचू नये असा निर्बंध ब्राउझरांत आला. तथापि विनंती पाठविण्यास त्याने अटकाव केला नाही.

या प्रकारच्या दोषाची तात्त्विक मांडणी वेबपूर्वीची आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये ‘गोंधळलेला मुखत्यार’ या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. टाइमशेअर या अमेरिकन कंपनीच्या संगणकावरील एका भाषांतरक आज्ञावलीला स्वतःची आकडेवारी नोंदविण्यासाठी विशिष्ट विभागात लिहिण्याचा अधिकार होता. एका वापरकर्त्याने आपल्या कामाचे फलित लिहिण्यासाठी त्याच विभागातील देयकांच्या फाइलीचे नाव दिले आणि आज्ञावलीने ती फाइल पुसून टाकली. अधिकार आज्ञावलीचा व आज्ञा दुसऱ्याची, अशी ही स्थिती होती. वेबमध्ये हीच भूमिका ब्राउझरकडे येते.

मुक्तस्रोत आज्ञावलींतील प्रादुर्भाव : झोप या मुक्तस्रोत प्रणालीत हा दोष असल्याचे २००० मध्ये दाखवून देण्यात आले. २००१ मध्ये पीटर वॉटकिन्स यांनी त्याला आजचे नाव दिले. त्या काळी अनेक आज्ञावलींत नोंद पुसण्यासाठी साधा दुवा पुरेसा असे. वास्तविक, केवळ माहिती मागविणाऱ्या ‘गेट’ या विनंतीने कोणताही बदल घडू नये, असा संकेत एचटीटीपीच्या १९९९ च्या मानकात नमूद होता. तो न पाळल्यामुळे, पृष्ठावरील चित्राचा पत्ता म्हणून असा दुवा देणेही हल्ल्यास पुरे होई. बदलासाठी ‘पोस्ट’ विनंती वापरण्यानेही प्रश्न सुटत नव्हता, कारण परक्या पृष्ठावरील अदृश्य अर्ज आपोआप पाठविता येई.

मुक्तस्रोत आज्ञावलीच्या बाबतीत या दोषाचे परिणाम दूरवर पोहोचतात. एकच आज्ञावली असंख्य स्थळांवर चालते आणि तिचे पत्ते व अर्जांची रचना सर्वांना ठाऊक असते. म्हणून एका स्थळासाठी रचलेली बनावट विनंती इतरत्रही लागू पडते. उलटपक्षी, दोष शोधणे व दुरुस्ती सर्वांपर्यंत पोहोचविणेही या खुलेपणामुळे सुकर होते.

संरक्षण : सर्वाधिक रूढ उपाय गुप्त खुणेचा आहे. सर्व्हर प्रत्येक अर्जात एक यादृच्छिक, अंदाज न करता येणारी खूण घालतो आणि ती परत आली तरच विनंती मान्य करतो. परक्या पृष्ठास ही खूण वाचता येत नाही. वर्डप्रेसमध्ये अशी व्यवस्था २००६ मध्ये २.०.३ या आवृत्तीत आली. रूबी ऑन रेल्सच्या २.० आवृत्तीत ती २००७ मध्ये आणि जँगोच्या १.२ आवृत्तीतील नव्या प्रकल्पांत ती २०१० मध्ये मूळचीच अंतर्भूत झाली. त्यामुळे संरक्षणाचा भार प्रत्येक आज्ञावलीकाराच्या दक्षतेवरून सामायिक चौकटीकडे गेला.

मात्र अपवाद ठेवले तेथे फटी राहिल्या. विशिष्ट शीर्षनोंद असलेली विनंती परस्थळावरून येऊच शकत नाही, असे मानून रेल्स व जँगो या दोहोंनी तिला तपासणीतून वगळले होते. ब्राउझरच्या पूरक आज्ञावली व पुनर्निर्देशन यांच्या संयोगाने ती शीर्षनोंदही घालता येते असे दिसून आल्यावर फेब्रुवारी २०११ मध्ये दोन्ही प्रकल्पांनी ही सवलत रद्द केली. माहितीसंचांच्या व्यवस्थापनासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी मायॲडमिन या आज्ञावलीत एका दुव्यावर टिचकी मारताच तक्ता नष्ट होऊ शकेल असा दोष एका भारतीय संशोधकाने दाखविला. तो डिसेंबर २०१७ मध्ये ४.७.७ आवृत्तीत दुरुस्त झाला. वर्डप्रेसमध्ये अभिप्रायाच्या अर्जाला ही तपासणी लावलेली नव्हती, कारण इतर स्थळांकडून येणाऱ्या उल्लेखसूचना तिच्यामुळे अडल्या असत्या. या वगळलेल्या वाटेने व्यवस्थापकाच्या नावे घातक अभिप्राय नोंदवून, मजकुराच्या शुद्धीकरणातील दुसऱ्या त्रुटीच्या साहाय्याने संपूर्ण स्थळाचा ताबा घेता येत असे. मार्च २०१९ मधील ५.१.१ आवृत्तीत हा दोष दूर झाला. त्या वेळी जगातील सुमारे एकतृतीयांश संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालत होती.

ओवॅस्प या संघटनेच्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत २००७ मध्ये या दोषाला पाचवे व २०१३ मध्ये आठवे स्थान होते. २०१७ च्या यादीतून तो वगळला गेला. अनेक चौकटींत संरक्षण अंतर्भूत झाल्याने तो केवळ ५ टक्के आज्ञावलींत आढळला, असे कारण देण्यात आले.

मुळावरचा उपाय कुकीतच करण्यात आला. परस्थळावरून निघालेल्या विनंतीसोबत कुकी पाठवू नये, असे सर्व्हरला सांगता येणारा ‘सेमसाइट’ हा गुणधर्म क्रोम ब्राउझरमध्ये २०१६ मध्ये आला. फेब्रुवारी २०२० पासून, सर्व्हरने काही न सांगितल्यासही क्रोममध्ये त्याचा सौम्य प्रकार लागू होऊ लागला. करोना महासाथीच्या काळात आवश्यक सेवांत व्यत्यय येऊ नये म्हणून एप्रिलमध्ये हा बदल स्थगित करण्यात आला व जुलैपासून पुन्हा अंमलात आला. या सौम्य प्रकारातही दुवा उघडून थेट दुसऱ्या स्थळावर जाताना कुकी सोबत जाते. त्यामुळे साध्या दुव्याने नोंदी बदलणारी आज्ञावली अद्यापि असुरक्षित राहते आणि गुप्त खुणेची आवश्यकता संपलेली नाही.