‘गेल्या सहा महिन्यांत’ म्हणजे कुणाचे सहा महिने?

एम.एस्सी.ला आपण तराजू तपासायला शिकतो. प्रमाणित वजन ठेवा, आकडा बघा, फरक लिहा. मुलांमधली चिंता आणि नैराश्य ओळखण्यासाठी पालकांनी भरायची प्रश्नावली असते, तिची वैधता तपासणं वरवर तसंच आहे. पालक उत्तरं देतात. मग ते गुण न पाहिलेला तज्ज्ञ त्याच मुलाची सविस्तर मुलाखत घेतो. त्रास असलेली किती मुलं चाळणीत अडकली, नसलेली किती उगाच अडकली, हे आपण ताडून बघतो. सोपं वाटतं ना? आता हा तराजू धाराशिव जिल्ह्यात आणून ठेवा. (जुने संदर्भ शोधताना ‘उस्मानाबाद’ टाका, नाव २०२३ मध्ये बदललं.)

आधी तो आला कुठून ते बघू. १९६४-६५ मध्ये मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर पालकांना वेगळी आणि शिक्षकांना वेगळी प्रश्नावली दिली. दोन्ही चाळण्यांत अडकलेली मुलं बहुतांशी वेगवेगळी निघाली! पुढे १९८७ मध्ये थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र तपासले. आई आणि वडील यांच्या उत्तरांतला सहसंबंध सरासरी ०.६०, पालक-शिक्षकांसारख्या वेगळ्या भूमिकांतल्या माणसांचा ०.२८, आणि मूल स्वतः व इतर यांचा फक्त ०.२२. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. पण हा आकडा मनावर कोरून ठेवा. उत्तर देणारा बदलला की तराजूच बदलतो.

आखेनबाख यांच्या यादीत पालकांना गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारलं जातं. रॉबर्ट गुडमन यांच्या १९९७ च्या प्रश्नावलीतही सहा महिनेच. आपल्याकडे चंदीगडला सविता मल्होत्रा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये आखेनबाख यांच्या यादीवरूनच भारतीय पालकांसाठी ७५ प्रश्नांचं साधन बेतलं.

आता भूम, वाशी, कळंबकडे या. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मार्च-एप्रिलमध्ये परततो. बरोब्बर सहा महिने. लेकरू आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. मे महिन्यात तुम्ही आईपुढे कागद ठेवला, तर ती न पाहिलेल्या मुलाबद्दल सांगणार. आजीला विचारलं तर उत्तर देणाराच बदलला. आणि जे मूल आईबरोबर फडावर गेलं, त्याच्याबद्दल आई भरभरून सांगेल, पण शिक्षकांकडे सांगण्यासारखं काही नसेल.

हे काही आजचंच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. नाव किल्लारीचं झालं, पण लोहारा, उमरगा या भागातली सास्तूरसारखी गावंही कोसळली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर आणि उस्मानाबादची सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला नेली. यातल्या एखाद्या मुलाची झोप उडाली होती का, हे ‘पालक’ म्हणून कुणाला विचारणार? काहींचे पालक उरले नव्हते, काहींचे दोनशे-तीनशे किलोमीटरवर होते.

२००० साली हवाईत ब्रूस चोरपिटा आणि सहकाऱ्यांनी सुसान स्पेन्स यांच्या प्रश्नावलीवरून ४७ प्रश्नांची ‘आरसीएडीएस’ तयार केली. तिची पालकांसाठीची आवृत्ती २०१० मध्ये तपासली गेली. तिच्यात सहा महिन्यांची अट नाही. कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी, एवढंच विचारतात. बरं वाटतं, पण फसू नका. ‘नेहमी’ म्हणायला माणूस नेहमी जवळ लागतो. त्यातून चिंता आणि नैराश्य आतल्या आत चालणारं. मारामारी शेजाऱ्यालाही दिसते, गप्प बसलेलं लेकरू ‘शहाणं झालंय’ म्हणून निसटतं.

म्हणून आराखडा लिहिताना ‘पालक’ या रकान्याखाली दोन ओळी वाढवा: उत्तर कोण देतंय, आणि गेल्या सहा महिन्यांत ती व्यक्ती किती रात्री मुलाच्या घरात होती. आईची आणि आजीची उत्तरं एकत्र कालवून एकच कटऑफ काढू नका. नमुना पुरत नसेल तर प्रबंधात तसं लिहा. आणि माहिती ऑक्टोबरमध्ये घेतली की मेमध्ये, हे तक्त्याच्या शीर्षकातच येऊ द्या.