आप्पांची तीनशेपंधरा

गावात सगळे तिला थ्री नॉट थ्रीच म्हणायचे. "आप्पांच्या घरी थ्री नॉट थ्री हाय," असं पारावर पाहुण्याला सांगितलं जायचं आणि सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा. पण ती थ्री नॉट थ्री नव्हती. तिची सख्खी धाकटी बहीण म्हणा. बोल्ट तसाच, चाप तसाच, खांद्याला लावल्यावरचं वजनही तसंच. फक्त तिच्या नळीला थ्री नॉट थ्रीचं काडतूस चालत नाही, आणि ते चालू नये म्हणूनच ती तशी घडवलेली आहे. आप्पा हा फरक कुणाला समजावत बसले नाहीत. मी बसतो, कारण त्या फरकामागं सव्वाशे-दीडशे वर्षांची गोष्ट आहे.

आमचं सुपं पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं. हे मुद्दाम सांगतो, कारण शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपं ते हे नव्हे, ते बारामतीकडचं. आमच्याकडं ज्वारी, बाजरी, मूग, वाटाणा, वारा आणि धूळ. पाऊस हुलकावणी देणारा. त्यामुळं ज्या घरात तीन-चार भाऊ, त्यातला एक तरी फौजेत, अशी जुनी रीत. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव आमच्याच जिल्ह्यातले, निमजचे. राळेगणचे अण्णा हजारेही आधी फौजेतले ड्रायव्हर, 1965 साली खेमकरणला होते. आमचे आप्पा यांच्यापुढं साधे शिपाई. 1958 साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि 1976 साली हवालदार म्हणून परतले.

आता गोष्ट मागं नेतो. सत्तावन्नच्या बंडानंतर इंग्रजांनी लोकांच्या हातातली हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली, आणि 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक नाही. गोऱ्यांना मात्र सूट. त्याच वर्षी देशी वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदाही आला, हा योगायोग नव्हे. पुढच्याच वर्षी, 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोश्यांना बरोबर घेऊन बंड केलं. त्यांचा पहिला छापा पडला धामारीवर, म्हणजे आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात. सरकारला धास्ती वाटायला हा मुलूख पुरेसा होता. काँग्रेसनं 1887 च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. 1931 च्या कराची ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा, असं कलमच होतं. स्वातंत्र्यानंतर 1959 साली नवा कायदा झाला. गोरा-काळा भेद त्याच्या आधीच गेला होता, परवाना मात्र राहिला. मला त्यात गैर वाटत नाही. बांधावरून कुऱ्हाडी निघणाऱ्या गावात मी वाढलोय.

पण इंग्रजांना परवान्यावरही भरवसा नव्हता. त्यांची भीती फौजेच्या काडतुसाची होती. ली-एन्फिल्ड रायफल फौजेत आली, तिचं माप पॉइंट थ्री नॉट थ्री इंच. छावणीतनं काडतुसं चोरीला जाणार. लोकांकडंही त्याच मापाच्या रायफली असल्या तर चोरीचा माल थेट कामाला येणार. तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फौजेच्या मापाची रायफल खाजगी माणसाला बंद झाली. मग बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं तोड काढली. रायफलीची यंत्रणा तीच ली-एन्फिल्डची, नळी मात्र पॉइंट तीनशेपंधरा इंचाची, म्हणजे आठ मिलिमीटर. काडतूस ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं. ते हिंदुस्थानी छावणीत कुठंच मिळणार नाही, हाच त्याचा गुण. दहा गोळ्यांच्या जागी पाच गोळ्यांचं मॅगझीन. नाव 'स्पोर्टिंग रायफल'. स्वातंत्र्यानंतर तीच रायफल हुगळीकाठच्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात होऊ लागली, जिथं फौजेची थ्री नॉट थ्रीही व्हायची. एकाच भट्टीतल्या दोघी, एक फौजेला दिलेली, एक रयतेला. आप्पांची दुसरी.

आप्पांना ती का हवी होती, हे मला फार उशिरा कळलं. फौजेतनं आलेले आमच्याकडचे बहुतेक जण बारा बोअरची दुनाळी घेत. तिच्यावर बँकेत पहारेकऱ्याची नोकरी मिळे. आप्पांना तसल्या नोकरीत जायचं नव्हतं, शेत करायचं होतं. शिकार म्हणावी तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती संपलेली. पिकाच्या राखणीला कायदा ठासणीची बंदूक देतो. मग रायफल कशाला? आई हाच प्रश्न विचारी, आणि आप्पा म्हणत, "सवय."

त्या सवयीचा अर्थ असा. आप्पांना भरतीत हातात मिळाली ती थ्री नॉट थ्री. 1962 च्या 20 ऑक्टोबरला चीननं हल्ला केला तेव्हा आपल्या जवानांच्या हातात तीच होती, दर गोळीला बोल्ट मागंपुढं करायची. समोर चिन्यांकडं आपोआप भरणाऱ्या रायफली. त्यानंतर घाईनं एसएलआर आली, 7.62 मिलिमीटरची, वीस गोळ्यांच्या मॅगझीनची, चाप दाबला की पुढची गोळी आपली आपण चढणारी. आप्पांनी नोकरीची उरलेली वर्षं तिच्यावर काढली. ती चांगली होती म्हणत. गॅसची जागा काजळून जाते, ती खरवडून खरवडून बोटं सोलतात, एवढीच तक्रार. पण ती माणसानं घरी ठेवायची चीज नव्हे. फौजेच्या मापाची रायफल म्हणजे 'प्रतिबंधित बोअर', ती आजही साध्या परवान्यावर मिळत नाही. उरली तीनशेपंधरा. 1981 साली नगरहून परवाना निघाला आणि पुण्याच्या एका बंदूकवाल्याच्या दुकानातून आप्पा ती घेऊन आले, गोणपाटात गुंडाळून, एसटीनं.

माझ्या डोळ्यांदेखत ती रायफल एकदाही वाजली नाही. पण तिची साफसफाई मी शेकडो वेळा पाहिली. दर रविवारी सकाळी, न्याहारीनंतर, ओट्यावर पोतं अंथरून. आधी आप्पा उभं राहूनच मॅगझीन काढत, बोल्ट दोनदा मागंपुढं करत, ब्रीचमध्ये करंगळी घालून बघत. नळी रिकामी आहे हे माहीत असूनही. "निरीक्षण के लिए, जाँच शस्त्र," असं स्वतःशीच पुटपुटत. मग बोल्ट मागं ओढायचा, त्याचं डोकं वर उचलायचं, की तो अलगद हातात येतो. बोल्टच्या दांड्यावर नंबर असतो आणि रायफलीच्या अंगावरही तोच. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसतो, पण बसवायचा नाही; डोक्यात नि नळीत केसभर फट जास्त राहिली तर काडतूस मागं फुटू शकतं. "नवरा-बायकोवानी हाय ते," आप्पा म्हणायचे, आणि आई आतनं काहीतरी पुटपुटायची.

नळीसाठी पुल थ्रू. म्हणजे एक दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात चिंधी. फौजेच्या रायफलीत दस्त्याच्या टाचेला पितळी झाकण असे, त्याच्या आत हे सगळं आणि तेलाची बाटली. आप्पांकडं बिस्किटाचा डबा होता. वजन ब्रीचकडून सोडायचं, तोंडाकडून ओढायचं, एका दमात, सरळ. तिरकं ओढलं तर दोरी तोंडाच्या कडेला घासते, आणि नळीचं तोंड झिजलं की नेम गेला. मग ब्रीचमागं अंगठ्याचं नख धरून उजेड आत टाकायचा आणि तोंडातून पाहायचं. आतले आटे चकचकीत वळत गेलेले दिसतात. मला दहावीला पहिल्यांदा ते बघू दिलं. विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटलं.

फौजेत गोळीबारानंतर नळीत आधी उकळतं पाणी ओतत, हे ऐकून मला नवल वाटलं होतं. लोखंडाला पाणी? आप्पांचं उत्तर शाळेतल्या मास्तरांपेक्षा सोपं होतं. जुन्या काडतुसाच्या टोपीतला मसाला जळला की नळीत खार उरतो, मिठासारखा. मीठ तेलात विरघळतं का? नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आधी पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. नुसतं तेल लावलं तर खाराला पांघरूण घातल्यासारखं होतं आणि खाली गंज चालूच राहतो. बेळगावच्या पावसात सगळ्याला तेल लागायचं, इथं उलटं. आमच्या पठारावर तेल जास्त झालं की वाऱ्यानं धूळ बसते आणि तेल-धुळीची खळ बोल्टला खाते. म्हणून आप्पा तेल लावून पुन्हा पुसून काढत. लाकडाला मात्र जवसाचं तेल, घाण्यावरचं कच्चं, तळहातानं चोळून. आमच्या बांधाला तेव्हा जवस असायचा. काडतुसांना तेल अजिबात नाही, ते झिरपून टोपी मारतं; नुसतं कोरडं फडकं. त्यांच्या बुडावर '8 एमएम केएफ' असा ठसा आहे. केएफ म्हणजे खडकीचा कारखाना.

काडतुसं एका ट्रंकेत, रायफल दुसऱ्या खोलीत, बोल्ट तिसरीकडं. ही आप्पांची शिस्त. तिचा कस 1986 साली लागला.

त्या वर्षी चुलत्यांशी बांधावरून वाद झाला. बांध कोरला, असं आमचं म्हणणं. मोजणी चुकली, असं त्यांचं. तलाठी झाला, मोजणी झाली, पुन्हा मोजणी झाली. एका संध्याकाळी शेतातच हमरीतुमरी झाली आणि चुलत्यांचा थोरला मुलगा सगळ्यांदेखत ओरडला, "बंदुकीचा माज दाखवता व्हय आम्हाला?" आप्पांनी रायफलीचा शब्दही काढला नव्हता. पण ते वाक्य गावभर झालं. त्यानंतरच्या रविवारी आप्पा पोतं अंथरून बसले आणि बोल्ट जागेवर नव्हता.

आई चुलीपाशी होती. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "बांधाचा निकाल लागेस्तोवर ते माझ्याकडं राहील."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. आप्पा बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी बिन बोल्टची रायफल मांडीवर घेतली आणि नेहमीसारखी साफ केली. जवळजवळ चौदा महिने ती तशीच साफ होत राहिली. चुलत्यांनाही कुठूनतरी हे कळलं असावं, कारण त्यांचं बोलणं नंतर खाली आलं. तडजोडीच्या कागदावर अंगठे-सह्या झाल्या त्या रात्री आईनं ज्वारीच्या कणगीत हात घातला आणि बोल्ट काढून दिला. एक डागसुद्धा नव्हता. तिनं तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून, वरून प्लॅस्टिक बांधून ठेवला होता. पाच वर्षं चुलीपाशी बसून ती सगळं बघत होती. इंग्रज सरकारनं रायफल आणि काडतूस वेगळं केलं, आईनं रायफल आणि बोल्ट. दोघांत शहाणं कोण, ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्यांदा माणसं रायफल मागायला आली ती बिबट्याच्या वेळी. जुन्नर-शिरूरकडच्या उसातले बिबटे आमच्याकडंही दिसायला लागले होते. शेजारच्या वस्तीवरची शेळी नेली, आणि रात्री दहा-बाराजण दारात. "आप्पा, काढा की आता. कशाला ठेवलीय?" आप्पांनी बॅटरी काढली, डबा वाजवायला घेतला आणि सगळ्यांबरोबर गोठ्यापर्यंत गेले. सकाळी वनखात्याला कळवलं. काहींनी तोंडावर म्हातारा भ्यायला म्हटलं. त्यांना एवढंच ऐकवलं की अंधारात बारा माणसांच्या मध्ये रायफलीची गोळी सोडणारा शिपाई नसतो, आणि बिबट्या मारला तर तुरुंगात मी जाणार, तुम्ही नाही.

निवडणुका आल्या की रायफल ठाण्यात जमा. पावती घ्यायची, आचारसंहिता उठली की सोडवून आणायची. एका ठाण्यातून ती एकदा भिंतीच्या ओलीनं तांबारून परत आली, दर्शनी माशीवर गंजाची लव. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. तीन रविवार लागले ते उतरायला, मऊ चिंधी आणि तेलानं. पॉलिश कागद त्यांनी हाताला लागू दिला नाही, कारण त्यानं गंजाबरोबर निळा मुलामाही जातो.

आप्पा 2009 साली गेले. तेराव्याच्या आधीच मी रायफल जमा करून आलो, कायदा तसाच आहे. मग वारस म्हणून अर्ज, चौकशी, फेऱ्या. पुढच्या वर्षी परवाना माझ्या नावावर झाला. 2019 च्या दुरुस्तीनं मुदत तीनाची पाच वर्षं झाली, तेवढ्या फेऱ्या कमी. आईनं कधी विरोध केला नाही, फक्त बोल्ट कुठं ठेवला हे मात्र विचारून घ्यायची, शेवटपर्यंत.

सुपं आता ओळखू येत नाही. एमआयडीसी झाली, डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. बांधावरचा जवस गेला. तेल मी मार्केट यार्डातून आणतो आणि ते कच्चंच आहे ना, हे दोनदा विचारतो. मुलगा पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. त्याचं म्हणणं सरळ आहे, "बाबा, मी ती ठेवू कुठं? आणि कशासाठी?" त्याचं चूक नाही. 2016 च्या नियमांप्रमाणं परवानाधारकाची सत्तरी झाली की हयातीतच वारसाला परवाना मिळू शकतो; माझ्या सत्तरीला अजून अवकाश आहे. नाहीतर परवानाधारक दुकानदाराला विकायची, किंवा सरकारजमा. एका बंदूकवाल्याला विचारून ठेवलंय. तो म्हणाला, तीनशेपंधराला इकडं गिऱ्हाईक थोडं, पण इतकी निगा राखलेली आणली तर बघू.

सून मात्र गेल्या दिवाळीत ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "मामंजी, ती दोरी कुठल्या बाजूनं घालायची?" मी तिला ब्रीचची बाजू दाखवली. पहिल्यांदा तिनं तिरकं ओढलं. दुसऱ्यांदा सरळ.