पॅव्हेलियनबाहेरचा चहा

लोणावळ्याहून एक्स्प्रेसवेनं पुण्याला निघालात की तळेगाव मागे पडल्यावर गहुंजेचं स्टेडियम दिसतं. मावळ तालुक्यातलं हे मैदान डावखुऱ्या फिरकीपटूंना भलतंच मानवतं. २०१७ला ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफनं इथल्या कसोटीत ७० धावांत १२ विकेट काढल्या, २०२४ला न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरनं १३. दोन्ही कसोट्या आपण हरलो. दोन्ही वेळा मला पुण्याचाच एक डावखुरा फिरकीपटू आठवला, जो या सगळ्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी गोऱ्या साहेबांच्या दांड्या उडवत होता. त्याचं नाव पालवणकर बाळू.

नाव कदाचित ऐकलं असेल. एखाद्या रीलमध्ये, मागे ढोलताशाचं म्युझिक, ‘ज्यांनी हिणवलं त्यांनाच खेळून उत्तर दिलं’ अशी ओळ. मला त्या ओळीबद्दलच बोलायचंय.

बाळू चर्मकार कुटुंबातले. घराणं मूळचं कोकणातलं, जन्म धारवाडचा, वडील लष्करातल्या नोकरीमुळे पुण्यात. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा लवकर सुटली. पहिलं काम मिळालं पारशी लोकांच्या क्लबवर: खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून नेटमध्ये बॉल टाकायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते साहेबांच्या पूना क्लबवर गेले, तिथे ४ रुपये झाले. वय सोळा-सतरा.

तिथे जे. जी. ग्रेग नावाचा फलंदाज होता, त्या काळातला मोठाच. तो बाकीच्यांच्या तासभर आधी यायचा आणि या पोराला बॉल टाकायला लावायचा. आउट केलंस की आठ आणे, असा सौदा होता म्हणतात. आठ आण्याची गोष्ट कदाचित नंतर रचलेलीही असेल, पण ते बॉल खरे होते. रोज शेकडो, वर्षानुवर्षं, एका उत्तम फलंदाजाला. आज अकादमीत फी भरून हे मिळत नाही. आणि एक गोष्ट बघा: त्या सगळ्या वर्षांत बाळूंच्या हातात कुणी बॅट दिली नाही. बॅटिंग साहेबांची. ‘नेटिव्ह’ पोरानं बॉल टाकायचा.

मग पुण्यातल्या हिंदू क्लबपुढे प्रश्न पडला. साहेबांना हरवायचं तर हा पोरगा हवा, पण हा तर अस्पृश्य. वाद झाला. शेवटी घेतला. मैदानात त्याच्या हातातला बॉल सगळे झेलत होते. तोच बॉल, तेच हात. पण चहाची वेळ झाली की सगळे पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर, हातात मातीचा कप, पिऊन झाला की फेकून द्यायचा. जेवण वेगळं, ताट वेगळं. तोंड धुवायचं तर दुसरा अस्पृश्य नोकर कोपऱ्यात पाणी आणून देणार.

याला ‘बुलिंग’ म्हणायचं का? शाळेत टोपणनाव पाडणं, डबा लपवणं, टीममध्ये न घेणं हे आपल्याला बुलिंग म्हणून माहीत आहे. इथे तर छळणारी चार टारगट पोरं नव्हती, अख्खा क्लब होता. आणि क्लबला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, ती रीतच होती. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या बाजूनं पाहिलं तर फरक फारसा उरत नाही. तू आमच्यात आहेस, पण आमचा नाहीस.

पुढचं यश रीलमध्ये असतं, ते खरंही आहे. बाळू मुंबईला गेले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तिथे सोबत जेवणं हळूहळू सुरू झालं. १९०६ला हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. शेवटच्या डावात साहेब १०२वर गारद, त्यातले पाच बळी बाळूंचे. १९११ला पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघानं सपाटून मार खाल्ला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. तेव्हा ते पस्तिशीत होते. तरुण आंबेडकरांना त्यांच्याबद्दल मोठा अभिमान होता.

मग हे यश त्या मातीच्या कपामुळे आलं का? मला हे अजिबात पटत नाही. यश आलं ते ग्रेगला टाकलेल्या हजारो बॉलमुळे. कपानं काय केलं ते वेगळं मोजायला हवं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. शंभर मीटरमध्ये त्याला कुणी गाठत नसे. त्याच्या रंगावरून एक नाव पडलं, ते आडवं-उभं हाकारलं जायचं, ग्राउंडवर जास्तच. आठवीत त्यानं ग्राउंडवर येणं बंद केलं. त्याच्यावर रील होणार नाही. जे टिकले त्यांच्याकडेच बघून आपण ठरवतो की अपमानानं माणूस घडतो. जे गेले ते मोजणीतच नाहीत.

उलटं उदाहरण आमच्या शेजारचंच आहे. वडगाव मावळची हर्षदा गरुड. मे २०२२मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलून ती वेटलिफ्टिंगची ज्युनियर विश्वविजेती झाली. भारताकडून ही पहिलीच. वडील शरद गरुड स्वतः वेटलिफ्टिंग केलेले, गावातच बिहारीलाल दुबे यांच्यासारखे प्रशिक्षक. कष्ट प्रचंड असणारच. पण घरात बार उचलणं म्हणजे काय हे कळणारा माणूस आणि चालत जाण्याच्या अंतरावर व्यायामशाळा, एवढं असलं की मेडल येऊ शकतं. कुणी हिणवायची गरज पडत नाही.

बाळूंकडे परत येतो, कारण कपाचा हिशेब राहिलाय. संघातला सर्वांत मोठा गोलंदाज असूनही त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. कर्णधार असलेल्या एम. डी. पैंनी स्वतः म्हटलं होतं की हा मान बाळूंचा होता. १९२०ला तर बाळूंना संघातूनच वगळलं. पैंच्या आजारपणात कर्णधारपद धाकट्या विठ्ठलला न देता दि. ब. देवधरांना दिलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम जाहीर निवेदन देऊन संघाबाहेर पडले. गंमत म्हणजे ज्यांना वाट बघायची सवय लावली गेली होती, त्यांनीच शेवटी वाट बघायला नकार दिला. आरडाओरडा झाला, तडजोड झाली. पुढच्या सामन्याला पै परतले, आणि बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. एवढंच.

विठ्ठल पालवणकर १९२३ला कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघानं स्पर्धा जिंकली. पुढे त्यांनी मराठीत आत्मचरित्रही लिहिलं, ‘माझे क्रीडा-जीवन’. बाळूंनी लिहिलं नाही. १९२३च्या त्या संघात ते नव्हतेच. सत्तेचाळिशीच्या आसपास होते, खेळणं संपलं होतं.