बजेट, अंदाजपत्रक, अर्थसंकल्प आणि मवाजना

हिंगोलीत मोबाइलच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ इथे बजेट म्हणजे खिशात असलेले पैसे. गंमत अशी, की हा अर्थ मुळाच्या फार जवळ आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बुजेट’ म्हणजे चामड्याची छोटी पिशवी. १७३३ मध्ये इंग्लंडच्या वॉलपोलवर टीका करणारी एक पुस्तिका निघाली. भोंदू वैद्यानं पोतडी उघडावी तसा हा करांची पोतडी उघडतो, अशी तिच्यात थट्टा होती. पुढे थट्टा विसरली गेली, शब्द मात्र सरकारी झाला. १८६० मध्ये जेम्स विल्सननं तो भारतात आणला.

मराठीनं या पोतडीला दोन नावं दिली. ग्रामपंचायतीच्या कागदावर ‘अंदाजपत्रक’ असतं. अंदाज चुकू शकतो, हे हा शब्द आधीच कबूल करतो. विधिमंडळात मांडला जातो तो ‘अर्थसंकल्प’. संकल्प पूजेला बसताना हातावर पाणी घेऊन करतात. तो मोडायचा नसतो.

हिंगोलीच्या वाट्याला आणखी एक शब्द आला. १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं आणि शेवटच्या काही दशकांत दप्तर उर्दूत चाले. उर्दूत बजेटला ‘मवाजना’ म्हणतात. आपला ‘वजन’ हा शब्द त्याच धातूतला. एका पारड्यात उत्पन्न, दुसऱ्यात खर्च.

हे पारडं कसं कलंडतं, ते हिंगोलीनं जवळून पाहिलं. इथे ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेची छावणी होती. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज. पगार थकले की कंपनी आपल्या खजिन्यातून रक्कम देई आणि ती निजामाच्या नावावर कर्ज म्हणून मांडे. अखेर मे १८५३ च्या तहानं वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआबाचा महसूल कंपनीच्या हाती गेला. हिंगोली निजामाकडे राहिली, पण पैनगंगेपलीकडच्या वाशीमचा सारा इंग्रजांकडे जाऊ लागला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं. खर्च ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा असला, की मवाजना कागदावरच राहतो.

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि तराजू थोडा जवळ आला. तरी एक शब्द नीट ऐकायला हवा: ‘तरतूद’. घरात लेकीच्या शिक्षणाची तरतूद केली म्हणजे पैसे खरोखर बाजूला काढलेले असतात. सरकारी तरतूद म्हणजे तेवढा खर्च करायला मिळालेली मंजुरी. निधी त्यानंतर येतो. कधी उशिरा, कधी कमी.

म्हणून गावच्या रस्त्यासाठी ‘तरतूद झाली’ असा मेसेज ग्रुपवर आला, तर फॉरवर्ड करण्याआधी ग्रामसभेत एवढंच विचारा: तरतूद झाली, पैसे आले किती आणि खर्च झाले किती?