डाव्या सोंडेचा

भाचीने आमच्या मोत्याला 'शेकहँड' शिकवला. पठ्ठ्या दर वेळी डावाच पाय देतो. उजवा मागा, तोंडाकडे बघतो आणि पुन्हा डावाच पुढे! "मामावर गेलाय," आई म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो. पण आजी आठवली.

मी जन्माचा डावखुरा. औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) गुलमंडीच्या जुन्या घरात जेवायला बसलो की आजी माझा डावा हात धरून ठेवायची. पाटीवर 'ग' गिरवायचा तोही उजव्यानेच. पोराला चारचौघांत कुणी हसू नये, एवढंच तिच्या मनात. पण गणपती आणायला गेलो की हीच आजी दुकानदाराला बजावायची, "डाव्या सोंडेचाच द्या हं! उजव्याचं सोवळं आमच्याने निभायचं नाही." देवाला डावं चालतं, मग मला का नाही? विचारायची टाप नव्हती.

उत्तर वेरूळला मिळालं, घरापासून तीसेक किलोमीटरवर. तिथल्या लेण्यांत सातव्या शतकातली मानली जाणारी एक गणेशमूर्ती आहे. तिची सोंड मूर्तीच्या डावीकडे वळलेली, कारण खाऊ डाव्या हातात! ही ढब फार जुनी, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे कडक नाही, सौम्य नाही... भूक लागलीय आणि खाऊ त्या बाजूला आहे, इतकं साधं. (सिद्धटेकचा मात्र उजव्या सोंडेचा, अष्टविनायकांत तो एकटाच.)

कैलास लेण्याच्या अंगणातल्या दोन दगडी हत्तींच्या सोंडा तुटल्यात. त्यांना काय विचारणार? खऱ्या हत्तींना मात्र विचारून झालंय. श्रीलंकेतल्या रानटी हत्तींचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. चरताना कुणी सोंड उजवीकडे वळवतो, कुणी डावीकडे, ज्याची त्याची सवय. 2024 च्या एका अभ्यासात तर सोंडेच्या टोकाकडच्या डाव्या-उजव्या सुरकुत्यांची संख्याही या सवयीप्रमाणे वेगळी निघाली. सारखं एकाच बाजूला वळवून सुरकुत्या पडतात. सवय अंगावर लिहिली जाते म्हणा ना!

आणि कुत्री? आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून 2019 मध्ये हिशेब मांडला गेला. सुमारे 68 टक्के कुत्र्यांना आणि 78 टक्के मांजरांना एक पंजा जास्त आवडतो. गंमत म्हणजे डावे आणि उजवे जवळपास निम्मे निम्मे. माणसांत डावखुरे दहात एखादाच, म्हणून तो नजरेत भरतो. मोत्याच्या जातभाईंत कुणी कुणाला डावं-उजवं करत नाही.

मी आज उजव्याने जेवतो, उजव्याने लिहितो. अक्षर मात्र अजून परक्याचं वाटतं. आजीवर राग नाही. तिला जे माहीत होतं ते तिने मायेने केलं.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच. परवा ताईच्या धाकट्याने वरणभाताचा चमचा डाव्या हातात धरला आणि आपल्यापैकीच कुणीतरी तो हळूच उजव्या हातात दिला. नाव घेत नाही, घरातले सगळे हे वाचतात. एवढंच म्हणतो, राहू द्या त्याला. आपल्या देव्हाऱ्यातला गणपती इतकी वर्षं डाव्या बाजूनेच मोदक खातोय. कुणी टोकलंय का त्याला?