बोट दाखवण्याआधी माग काढूया



जत्रेच्या जेवणानंतर गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या, की पहिलं बोट स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे जातं. आम्हा बचत गटातल्या बायांना ही धास्ती कायम असते. म्हणून आज आम्ही आळ आणि तपास यांचा इतिहास सांगणार आहोत.

आपल्या सातारा-सांगलीकडे पूर्वी पटकी आली, की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेत. पंढरीच्या यात्रेतून पटकी गावोगाव पसरायची, पण कशातून ते कळत नसे. १८५४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो घरोघर विचारत फिरले, पाणी कुठलं पिता? बहुतेक मृत्यू एकाच पंपाभोवतीचे निघाले. मग त्या पंपाचा दांडाच काढला.

२०११ साली जर्मनीत ई. कोलाय जंतूने पन्नासवर माणसं दगावली. आळ आला स्पेनच्या काकडीवर. शेतकऱ्यांचा माल पडून राहिला, आणि काकडीवरचा जंतू तर वेगळाच निघाला! हॉटेलात कोणी काय खाल्लं हे विचारत विचारत तपास मोड आलेल्या मेथीपर्यंत पोचला. ते बी बहुधा इजिप्तहून आलेलं होतं.

आता या विचारपूस करण्याला जनुकक्रमाची जोड मिळाली आहे. हेळवी येऊन आपल्या घराण्याची वंशावळ वाचतो ना, तशी प्रयोगशाळा जंतूची वंशावळ वाचते. रुग्णाच्या शौचातला आणि अन्नातला जंतू जवळपास तंतोतंत जुळला, तर मूळ एकच असण्याची शक्यता मोठी. जुळला नाही, तर त्या अन्नावरचा आळ सैल होतो. २०१० साली हैती देशात पटकी आली, तेव्हा तिथला जंतू असाच थेट नेपाळमधल्या जंतूशी जुळला.

हे लांबचं नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले. काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. संशय पाण्यावर आला, तसा चिकनवरही.

पण नमुनाच नसेल, तर यंत्र काय वाचणार? म्हणून मोठ्या जेवणाचं थोडं थोडं अन्न स्वच्छ डब्यात झाकून थंड जागी ठेवूया. पाणी कुठलं, भाजी कुठली, कोणी काय खाल्लं, हे वहीत लिहूया. कोणी आजारी पडलं तर भांडी घासायच्या आधी आशाताईंना कळवूया. त्या डब्यातून खरी चूक सापडेल, आणि चूक नसलेल्या बाईच्या बाजूनं तोच डबा बोलेल.